‘अल्फी’ (१९६६) मराठी उपशीर्षकांसह दाखवायचाय: अल्फीनं प्रेक्षकाला ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. इथल्या वाचनालयाच्या सभागृहात लुईस गिल्बर्टचा ‘अल्फी’ दाखवायचं ठरलंय. मायकेल केनचा, १९६६ चा. बायकांना नादी लावणाऱ्या लंडनच्या एका तरुणाची गोष्ट. प्रेक्षक चाळीस-पन्नास असतील. इंग्रजी वाचणारे त्यात बरेच, खरं लंडनच्या गल्लीतलं इंग्रजी कानानं धरणारे थोडे. म्हणून मराठी उपशीर्षकं करायला घेतली आहेत. निम्मी झाली आणि आता पाच ठिकाणी अडलंय.

अल्फी पहिल्या मिनिटापासून कॅमेऱ्याकडं बघून आपल्याशी बोलतो. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत तू, तुम्ही, मंडळी यातलं एक निवडावंच लागतं. ‘तू’ घेतलं तर ‘बघतोस’ की ‘बघतेस’ हा प्रश्न लगेच येतो, आणि सभागृहात निम्म्या बायका असणार.

दुसरं, तो पुष्कळदा बाईबद्दल ‘ती’ न म्हणता ‘इट’ म्हणतो. मराठीत ‘ते’ चालेल का? तिसरं, त्याची कॉकनी, म्हणजे लंडनच्या गल्लीतली बोली, कुठल्या मराठीत आणावी? कोल्हापुरी करून बघितली, पण अल्फी एकदम सिनेमातला पाटील वाटायला लागला. चौथं, अल्फीच्या दोस्ताची बायको लिली, तिच्या गर्भपाताचा प्रसंग. शब्द किती उघडे ठेवावेत आणि प्रेक्षकांना आधी सांगावं का?

शेवटचं तांत्रिक आहे. लॅपटॉपवर अक्षरं नीट दिसतात. तीच फाइल पेनड्राइव्हवरून थेट प्रोजेक्टरला दिली की वेलांट्या आणि रफार भलतीकडं जातात. शिवाय सुरुवातीला मजकूर बरोबर येतो, मग मागं पडत जातो आणि शेवटाला साडेचार मिनिटं उशिरा येतो. हे काय आहे?

---

शहापूरपेठ (बेळगाव)

तुमच्या पहिल्या प्रश्नावर सगळा चित्रपट उभा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

अल्फीचा जन्म रंगमंचावर झालेला नाही, रेडिओवर झाला. बिल नॉटनचं रेडिओ नाटक बीबीसीवर १९६२ साली लागलं. १९६३ मध्ये त्याचं रंगमंचीय नाटक लंडनच्या मर्मेड थिएटरात आलं आणि नॉटननंच पुढं पटकथा लिहिली. रेडिओ ऐकणारा माणूस एकटा असतो, स्वयंपाकघरात किंवा खाटेवर पडलेला. त्याच्या कानाशी बोलणारा आवाज ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’ म्हणत नाही. नाटकात समोर सभागृहभर माणसं आली तेव्हा ते बोलणं सभेला उद्देशून झालं. चित्रपटात ते परत एका माणसावर आलं. केनचं बघा: कॅमेरा जवळ आहे, आवाज खाली आहे, मान जरा कलती. दुकानाच्या फळीवर शेजारी बसलेल्या दोस्ताला सांगावं तसं तो भिंगाला सांगतो. व्याख्यान देणाऱ्याची नजर इकडून तिकडं फिरते, ह्याची एका जागी ठरते.

म्हणून ‘तू’. ‘मंडळी’ लिहिलंत की तो तमाशातला सोंगाड्या होतो आणि ‘तुम्ही’ लिहिलंत की कीर्तनकार. आपल्याकडं प्रेक्षकांशी बोलायची परंपरा मोठी आहे. सूत्रधार आहे, सोंगाड्या आहे, नाटकातलं स्वगत आहे. तरी त्यातलं काही जसंच्या तसं इथं बसत नाही. सोंगाड्या बोलतो तेव्हा गोष्ट थांबते. स्वगतात पात्र स्वतःशी बोलतं आणि आपण ते ऐकतो. अल्फी तिसरंच करतो. त्याची मैत्रीण गिल्डा त्याच खोलीत काम करत असते, आणि तिच्यादेखत तो तिच्याबद्दल आपल्याला सांगतो. तिला ऐकू जात नाही, आपल्याला जातं. गोष्ट चालूच राहते आणि आपण त्याच्या बाजूनं त्या खोलीत उभे असतो.

आता बघतोस की बघतेस. माझं मत स्पष्ट आहे: जिथं लिंग दाखवणं टळत नाही तिथं पुल्लिंगी ठेवा. अल्फीच्या डोक्यात समोर पुरुषच आहे. बाईला तो हे कधी सांगणार नाही. सभागृहातल्या बाईला ‘हे माझ्यासाठी बोललेलं नाही, माझ्याविषयी बोललेलं आहे’ असं जाणवलं तर ते बरोबरच आहे, चित्रपट तिथंच बोचतो. पण प्रत्येक ओळीत ‘बघतोस, जाणतोस’ नको. आज्ञार्थात लिंग लागत नाही: बघ, ऐक, सोड, बस की, सांग की. सत्तर-ऐंशी टक्के जागा आज्ञार्थावर निभतात. पुल्लिंगी क्रियापद दहा-बारा ठिकाणीच येऊ दे, म्हणजे ते आलं की कानाला लागेल.

सुरुवातीचं उदाहरण घ्या. गाडीतून उतरून तो सांगतो की आता नावं पडतील असं तुला वाटत असेल, पण पडणार नाहीत. आणि खरंच चित्रपटाच्या नावापलीकडं श्रेयनामावली तिथं येत नाही. ती शेवटाला येते. ह्या ओळीचे दोन तुकडे करा:

आता नावं पडणार असं वाटत असंल.
न्हाई पडणार. निवांत बस.

‘श्रेयनामावली’ हा शब्द तिथं घातलात तर पहिल्याच वाक्याला माणूस गेला.

आणखी एक. कॅमेऱ्याशी बोललेल्या ओळींना वेगळा रंग किंवा तिरपं अक्षर देऊ नका. देवनागरी तिरपी केली की शिरोरेषा मोडल्यासारखी दिसते आणि वाचायला वेळ लागतो. रंगाचीही गरज नाही, कारण केनचे डोळेच सांगतात. तुम्ही सांभाळायचं ते तुकडा कुठं तोडायचा एवढंच. कित्येकदा तो एकाच दमात अर्धं बाईला आणि अर्धं आपल्याला बोलतो. नजर वळते त्या क्षणी आधीचं उपशीर्षक गेलं पाहिजे आणि दुसरं आलं पाहिजे. दोन्ही वाक्यं एका तुकड्यात घातलीत तर आपल्याला सांगितलेलं तिलाच सांगितलं असं वाचलं जातं आणि प्रसंग उलटा होतो. सगळ्यांत जास्त चुका ह्याच जागी होतात.

---

निपाणीनाका (निपाणी)

शहापूरपेठ यांनी नीट सांगितलंय. चित्रपटाआधी पाच मिनिटं प्रस्तावना करणार असाल तर आपल्या भागातल्या प्रेक्षकाला लंडनहून सुरुवात करू नका, निपाणीहून करा.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ चं, म्हणजे अल्फी रेडिओवर आला त्याच वर्षाचं. नायक निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. नाव बदलून, वेष बदलून बायका फसवणारा. प्रभाकर पणशीकरांनी त्यातल्या पाच भूमिका फिरत्या रंगमंचावर केल्या. आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

दोन्ही नायक बायका फसवणारे आहेत, पण प्रेक्षकाला बसवलंय ते वेगवेगळ्या जागी. लखोबा कोर्टात उभा आहे आणि प्रत्येक बाईसमोर तो मी नव्हेच म्हणतोय. आपण न्यायाधीशाच्या बाजूला बसतो, पुरावा बघतो आणि त्याच्या बनेलपणाला हसतो. अल्फी काहीच नाकारत नाही. नाव बदलत नाही, वेषही नाही. तो सगळं आपणहून आपल्याला सांगतो, ते पण हसत, चांगल्या कपड्यांत. त्यामुळं आपण न्यायाधीश राहत नाही, त्याचे सोबती होतो. तासभर त्याच्या बोलण्याला हसल्यावर लिलीचा प्रसंग येतो तेव्हा त्या हसण्याचा हिशेब आपल्याकडंच मागितला जातो. एवढं सांगितलंत की प्रस्तावना झाली, गोष्ट सांगत बसू नका.

नॉटनबद्दल सांगायचं तर एवढंच सांगा की तो आयर्लंडात जन्मला, इंग्लंडच्या उत्तरेला बोल्टनमध्ये वाढला, विणकाम केलं, कोळशाची पोती भरली, लॉरी चालवली. अल्फीच्या भोवतीची माणसं बघा: बस कंडक्टर, लॉरी ड्रायव्हर, नर्स. सगळी राबणारी आहेत. निपाणी-चिकोडीच्या प्रेक्षकाला ती परकी वाटणार नाहीत.

---

खडेबाजार (बेळगाव)

तांत्रिक भाग मी घेतो. तुमचे दोन वेगळे दोष आहेत, औषधंही वेगळी.

मागं पडणं. तुमची उपशीर्षकं सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) प्रतीवरून केलेली आहेत आणि डिस्क २५ चौकटींची, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीची आहे. चित्रपट ११४ मिनिटांचा. २५ च्या गतीनं तो साधारण १०९ मिनिटं २६ सेकंदांत संपतो. फरक ४ मिनिटं ३४ सेकंद, तुमच्या ‘साडेचार मिनिटां’शी तो जुळतो. पहिल्या मिनिटाला फरक अडीच सेकंदांच्या आत असतो म्हणून लक्षात येत नाही, तासाला तो २ मिनिटं २४ सेकंद होतो. ह्यावर सगळी फाइल चार मिनिटं पुढं ओढणं हा उपाय नव्हे. मग शेवट जुळेल आणि सुरुवात बिघडेल. सगळ्या वेळांना ०.९६ नं गुणायचं. ‘सबटायटल एडिट’ ह्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे. तिथं मूळ २४ आणि नवा २५ द्या. मूळ प्रत २३.९७६ ची असेल तर तो आकडा द्या. मग पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तीन उपशीर्षकं तपासा. तिन्ही सारख्याच अर्ध्या सेकंदानं चुकत असतील तर तेवढं सगळ्यांना सरकवायचं. वाढत्या अंतरानं चुकत असतील तर गुणक चुकला.

प्रयोगाच्या वेळी व्हीएलसी ह्या प्लेअरवर थोडं सरकवायला ‘जी’ आणि ‘एच’ ह्या कळा आहेत. एकदा दाबली की ५० मिलिसेकंद. मजकूर मागं पडला तर जी, आधी आला तर एच.

वेलांट्या बिघडणं. पुष्कळ प्रोजेक्टर आणि टीव्ही पेनड्राइव्हवरचा देवनागरी मजकूर नुसता एकामागं एक मांडतात, जोडाक्षरं घडवत नाहीत. म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, रफार सुटा पडतो. फाइल बरोबर असते, यंत्राला ती मांडता येत नाही. उपाय दोन. लॅपटॉप केबलनं प्रोजेक्टरला जोडून व्हीएलसीवरून दाखवा. ते जमणार नसेल तर हँडब्रेकसारख्या प्रोग्रामनं उपशीर्षकं चित्रातच छापून घ्या, मग कुठलंही यंत्र ती बिघडवू शकत नाही. छापण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा करून ‘र्‍या’, ‘ट्र’, ‘क्त’, ‘र्व’ ही अक्षरं डोळ्यांखालून घाला.

फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ हवं. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव ह्या टंकांत टाइप केलेला मजकूर चिकटवलात तर इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि हे विसरू नका: फाइलीतल्या वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच असावे लागतात. कुणी प्रेमानं ते देवनागरी केले की प्लेअर वेळ ओळखत नाही आणि एकही ओळ पडद्यावर येत नाही. संवादातले आकडे देवनागरी चालतात.

लांबी. प्रोग्राम अक्षरं मोजतो ते मराठीला लागू पडत नाही. ‘निवांत’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, प्रोग्राम सहा मोजतो, कारण वेलांटी, काना आणि अनुस्वार तो वेगळे धरतो. त्यामुळं तो सारखा लाल इशारा देत राहील. तुम्ही डोळ्याला दिसणारी अक्षरं धरा: एका ओळीत २२ ते २४, ओळी दोनच, सेकंदाला १० अक्षरांच्या आसपास. मिश्र वयाच्या प्रेक्षकाला ह्याहून जास्त झेपत नाही. एक उपशीर्षक एक सेकंदापेक्षा कमी नको आणि सहा-सातपेक्षा जास्त नको. केन भराभर बोलतो तिथं अर्थाचा अर्क घ्या. सगळे शब्द कोंबलेत तर लोक वाचत बसतील आणि तोंडाकडं बघणारच नाहीत. ह्या चित्रपटात त्याचं तोंडच बघायचं असतं.

जागा. हा चित्रपट टेक्निस्कोपमध्ये आहे, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर चित्राची उंची सुमारे ८१७ बिंदू येते, वर आणि खाली प्रत्येकी १३० च्या आसपास काळी पट्टी उरते. खालच्या पट्टीत दोन ओळी मावतात, ओळीची उंची ५८ ते ६० बिंदू ठेवलीत तर. टंक ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्या, मध्यम ठळक. फार ठळक घेतलात तर उकाराचा पोकळ भाग बुजतो. अक्षर पांढरंधोप नको, किंचित राखाडी ठेवा. लंडनच्या रात्रीच्या दृश्यांत पांढरी पट्टी डोळ्याला टोचते.

टेक्निस्कोप म्हणजे एका चौकटीला फिल्मची चारऐवजी दोनच भोकं. म्हणजे अर्धी फिल्म. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं पुरतं. छायाचित्रकार ओट्टो हेलर. ‘द इप्क्रेस फाइल’ही त्याचीच, केनबरोबर, ह्याच पद्धतीत, १९६५ ची. रुंद चित्रासाठी खास पिळलेलं भिंग लागत नाही, साधं भिंग चालतं, म्हणून जवळ धरलेला चेहरा विचित्र फुगत नाही आणि मागची खोलीही बऱ्यापैकी स्पष्ट राहते. अल्फी भिंगाशी बोलत असताना मागं गिल्डा काय करतेय ते दिसतं, ते ह्याच्यामुळं. बदल्यात दाणा जाडा दिसतो. तुमच्या प्रोजेक्टरवर चित्र जरा खरखरीत वाटलं तर तीक्ष्णता वाढवू नका, कमी करा.

---

पारगडवाट (चंदगड)

बोलीबद्दल आणि ‘इट’बद्दल.

कोल्हापुरी नको हे बरोबर. कॉकनी ही शहराची बोली आहे, लंडनच्या कामकरी वस्तीची. केन स्वतः रॉदरहाइथला जन्मला, एलिफंट अँड कॅसलला वाढला, बाप बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात हमाल. ती भाषा त्याला शिकावी लागली नाही. तिला गावरान मराठी दिलीत तर गडी शेतावरून आल्यासारखा वाटतो. बेळगावच्या गल्लीतली मराठी योग्य: ‘पण’च्या जागी ‘खरं’, वाक्याच्या शेवटी ‘की’, ‘गेल्तो’, ‘करालायस’, ‘न्हवं’. माप मात्र ठेवा. एका उपशीर्षकात बोलीची एकच खूण, फार तर दोन. आपण बोलतो तसं, पण वाचताना डोळ्याला छापील मराठीची सवय असते. ‘मी तिला भेटाय गेल्तो, खरं ती घरात न्हवती’ हे सहज वाचलं जातं. त्यातला प्रत्येक शब्द बोलीत घातलात तर माणूस अडखळतो.

बाकीची पात्रं वेगळी ऐकू आली पाहिजेत. डॉक्टरबाई प्रमाण मराठीत, अल्फीला ‘तुम्ही’. बस कंडक्टर हंफ्री साधं, घरगुती, एकही खूण नको, कारण त्याचा भलेपणा त्याच्या साधेपणात आहे. रूबी अमेरिकन, पैसेवाली. तिला मुंबईकडची मराठी द्या आणि ती अल्फीला सरळ ‘तू’ म्हणू दे. ॲनी उत्तरेकडून आलेली पोर. तिला आमची चंदगडी द्यावी असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. बेळगावात चंदगडी ऐकली की लोक हसतात, आणि ॲनीला कुणी हसलेलं चालणार नाही. तिला कमी बोलू दे, वाक्यं तोकडी ठेवा, तेवढं पुरे.

अल्फी पोरींना ‘बर्ड’ म्हणतो, त्याला मराठीत आयता शब्द आहे: पाखरू. लावणीपासून गल्लीपर्यंत चालतो, आणि त्यात अल्फीसारखाच गोडवा आणि हलकेपणा एकत्र आहे. ‘माल’, ‘आयटम’ असले शब्द वापरू नका. अल्फी रस्त्यावर शिट्टी मारणारा नाही. तो लाघवी आहे, म्हणून बायका भुलतात आणि म्हणून आपणही भुलतो.

‘इट’चं मात्र सांभाळा. व्याकरणाच्या पुस्तकावरून ‘ते’ बरोबर वाटेल. आपल्या भागात ते उलटं पडतं. कोकणीत तरुण मुलीला नपुंसकलिंगच लावतात, आणि आपल्याकडंही ‘पोरगं गुणाचं हाय ते’ हे मायेनं म्हणतात. खानापूर-चंदगडच्या प्रेक्षकाला ‘ते’ ऐकून अल्फी बाईला वस्तू समजतो असं वाटणार नाही, लाड करतो असं वाटेल. म्हणून एरवी ‘ती’च ठेवा, आणि पाच-सहा निवडक जागी बाजारातली भाषा आणा. भांडं किंवा कापड पारखताना बोलतो तसं: ‘हे बघ, चांगलं ठेवलंय.’ ‘वापरातलं हाय, खरं टिकाऊ.’ लिंग व्याकरणात राहिलं तरी तुच्छता क्रियापदातून पोचते.

लिलीसाठी आपल्या भाषेत एक गोष्ट आहे जी इंग्रजीत नाही, ती सोडू नका. हॅरी हा सॅनिटोरियममधला अल्फीचा शेजारी, लिली त्याची बायको. आपल्याकडं दोस्ताच्या बायकोला नावानं हाक मारत नाहीत, ‘वैनी’ म्हणतात. हॅरीच्या खाटेजवळ अल्फीनं तिला ‘वैनी’ म्हणावं, तिनं त्याला ‘तुम्ही’. तो तिला गाडीतून घरी सोडायला निघतो तिथंही ‘वैनी’च. नदीकाठच्या प्रसंगानंतर तो शब्द परत येऊ देऊ नका. कुणी समजावून सांगायची गरज नाही, सभागृहातल्या प्रत्येकाला कळेल काय मोडलं ते. लिली मात्र शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणत राहील.

बारीक चुका, होऊ शकतात म्हणून सांगतो. ॲनीच्या स्वयंपाकातली ‘पाई’ दीर्घ ईनं लिहा. ‘पाय’ लिहिलंत तर ताटात पाय वाढल्यासारखं होईल. हंफ्री आणि गिल्डाच्या बाळाचा चर्चमधला विधी ‘बाप्तिस्मा’ आहे, ‘बारसं’ नव्हे. ‘बॉब’ म्हणजे शिलिंग, ‘क्विड’ म्हणजे पौंड. रुपयात बदलू नका, ‘शिलिंग’ आणि ‘पौंड’च ठेवा.

---

टिळकवाडीतून (बेळगाव)

लिलीच्या प्रसंगाबद्दल. प्रेक्षकांना आधी सांगा. प्रस्तावनेत एक वाक्य पुरे: ह्यात बेकायदा गर्भपाताचा प्रसंग आहे, दाखवलेला कमी आणि ऐकू येणारा जास्त. तोंडातोंडी सांगण्याबरोबर दारावरही लिहून लावा, कारण उशिरा येणारी माणसं असतातच. ब्रिटनमध्येही तेव्हा हा चित्रपट प्रौढांसाठीच्या ‘एक्स’ प्रमाणपत्रावर लागला होता.

काळ सांगा, नाहीतर आजच्या तरुण प्रेक्षकाला सगळं गुपचूप का चाललंय ते कळत नाही. ब्रिटनचा गर्भपाताचा कायदा १९६७ चा, अमलात आला २७ एप्रिल १९६८ ला. चित्रपट मार्च १९६६ चा. म्हणजे लिली जे करते तो तेव्हा गुन्हा होता, आणि डेनहोम एलियटनं केलेला तो थकलेला, घाईतला माणूस त्या गुन्ह्यावर जगणारा होता. आपल्याकडंही तोवर भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं. आपला कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. हे दोन आकडे सांगितले की पुरे, वकिली नको.

शब्द उघडेच ठेवा. ‘गर्भपात’ हा शब्द आमच्या आया-मावश्यांना नवीन नाही. ‘ते काम’, ‘ती भानगड’ अशी झाकपाक तिथंच करा जिथं पात्र स्वतः करतं. त्या माणसाच्या तोंडी सरळ, कोरडी, हिशेबी भाषा. त्या दृश्यात उपशीर्षकं जेवढी कमी तेवढं बरं. कण्हण्याला, श्वासाला मजकूर लागत नाही. अल्फी खोलीतल्या आडपडद्यामागं बघतो तेव्हा कॅमेरा फक्त केनच्या चेहऱ्यावर असतो, त्यानं काय बघितलं ते दाखवत नाहीत. तिथं एक अक्षरही पडद्यावर नको. आधीचं उपशीर्षक लांबून त्या चौकटीत शिरत असेल तर कापा.

शहापूरपेठ यांच्या ‘तू’ला आधार देणारी एक गोष्ट इथंच आहे. चित्रपटभर बारीकसारीक सगळं आपल्याला सांगणारा अल्फी त्यानंतर हे सगळ्यांत जड सांगणं नॅटला सांगतो, आपल्या दोस्ताला. भिंगाला नव्हे. त्या ओळींत ‘तू’ येईल तो नॅटसाठी. म्हणून आधीपासून प्रेक्षकाला ‘तू’च म्हटलेलं असेल तर आपली जागा आता दुसऱ्याला मिळाली हे जाणवेल. ‘तुम्ही’ ठेवलंत तर हा बदल हातातून जाईल. त्या ओळींतली बोली जवळजवळ काढून टाका. ‘खरं’, ‘की’ काही नको.

मध्यंतर मूळ चित्रपटात नाही. घ्यायचंच असेल तर अल्फी सॅनिटोरियममधून बाहेर पडतो तिथं घ्या. लिलीच्या प्रसंगापासून शेवटापर्यंत कुठल्याही कारणानं थांबवू नका, चहासाठीही नाही. आणि ‘सॅनिटोरियम’ तसंच ठेवा. मिरजेजवळचं वानलेसवाडी ज्यांना माहीत आहे त्यांना ‘टीबीचा दवाखाना’ म्हणायची गरज नाही. तरुणांसाठी पहिल्यांदा एकदाच ‘टीबी’ घाला.

परवानगीचं बघितलंय का? घरी बघायला घेतलेली डिस्क सभागृहात दाखवायचा हक्क देत नाही. तिकीट नसलं तरीही. कॉपीराइट कायद्यात शाळा-कॉलेजला सवलत आहे, पण ती संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढ्यापुरतीच. सार्वजनिक वाचनालय त्यात बसत नाही. चित्रपट पॅरामाउंटचा. लेखी परवानगी मागा, त्यात सभागृहाची क्षमता, तारीख, प्रवेश मोफत आहे की नाही आणि मराठी उपशीर्षकं जोडणार हे चारही लिहा. आणि २००४ चा ज्यूड लॉचा, न्यूयॉर्कमध्ये घडणारा ‘अल्फी’ वेगळा आहे. पत्रात साल आणि दिग्दर्शक लिहिला नाहीत तर भलत्याच चित्रपटाची परवानगी हातात पडेल.

संगीत सॉनी रॉलिन्सचं. त्या नावाची तबकडी मिळते, पण ती चित्रपटातली मूळ मुद्रणं नव्हेत. ऑलिव्हर नेल्सनच्या मांडणीनं वेगळी वाजवलेली आहे. प्रेक्षक बसेपर्यंत लावायला उत्तम.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रेम रेट २४ वरून २५ केला, तिन्ही ठिकाणी जुळलं. ‘वैनी’ घातलं आणि तो सगळा भाग परत लिहायला घेतलाय. परवानगीचं पत्र आज जातंय, उत्तर आल्याशिवाय तारीख जाहीर करणार नाही.

दोनच शंका राहिल्या. कन्नड वाचणारेही दहा-बारा असतील, त्यांच्यासाठी दोन्ही लिप्या एकाच वेळी दाखवता येतील का? आणि शेवटची ओळ. पुलाजवळ रात्री अल्फी आपल्याला विचारतो, ह्या सगळ्याचा अर्थ काय, आणि वर म्हणतो, कळलं ना मी काय म्हणतोय. माझ्याकडं तीन तर्जुमे आहेत: ‘ह्या सगळ्याला अर्थ काय?’, ‘कशासाठी हे सगळं?’ आणि ‘काय असतंय हे सगळं?’

---

खडेबाजार (बेळगाव)

दोन लिप्या म्हणजे चार ओळी. १३० बिंदूंच्या पट्टीत बसणार नाहीत, वर चेहऱ्यावर चढतील. कन्नडमध्ये एक पानी कथासार छापून द्या, प्रसंगांच्या क्रमानं, आणि पात्रांची नावं दोन्ही लिप्यांत.  कन्नड वाचणाऱ्यांना तेवढा कागद पुरेल. अंधारात तो वाचता येत नाही, म्हणून सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं हातात पडू दे.

---

शहापूरपेठ (बेळगाव)

‘काय असतंय हे सगळं?’ हेच. पहिल्या दोघांत तो विचारवंत होतो. अल्फीला अर्थ-बिर्थ असले शब्द सुचत नाहीत, त्याला नुसतं कोडं पडलेलं असतं. त्यामागं ‘कळालं न्हवं?’ वेगळ्या उपशीर्षकात, मध्ये सेकंदभर पडदा मोकळा ठेवून. केन तिथं थांबतो, तेवढाच तुम्ही थांबा. ‘कळालं न्हवं?’ गेलं की नंतर काही नको. तो चालायला लागतो, सुरुवातीचा भटका कुत्रा परत येतो, मग नटांची चित्रं आणि नावं. शेवटच्या गाण्याची उपशीर्षकं केली असतील तर काढून टाका, आणि नावं संपेपर्यंत सभागृहातले दिवे लावू नका.